स्टेम सेल ट्रान्सप्लांट, बीके व्हायरस आणि लघवीतलं रक्त



विषय जरा अवघड आहे. जेवताना वाचत असाल तर आधी जेवून घ्या.

गेल्या गणपतीत मंडळाच्या कार्यक्रमात एका काकांनी आम्हाला हळूच बाजूला घेतलं. "तुमच्या मेव्हण्याला ट्रान्सप्लांटनंतर लघवीतून रक्त जात होतं ना? आमच्या सुनेलाही कालपासून सुरू झालंय. कुणाला विचारावं कळत नाही." मोदकाची प्लेट हातात धरून, मागे ढोल-ताशे चालू असताना, पंधरा मिनिटांत जे सांगता आलं ते सांगितलं. घरी येताना वाटलं की हे नीट लिहून काढायला हवं. आम्ही दोघंही इंजिनियर, सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करणारे. डॉक्टर नाही. तेव्हा हा लेख वाचून औषध ठरवायचं नाही, फक्त डॉक्टर काय बोलताहेत ते समजून घ्यायचं, एवढंच.

तर झालं असं. २०२२ साली आमच्या मेव्हण्याला अ‍ॅक्यूट मायलॉइड ल्युकेमिया निघाला. वय अठ्ठावीस, एमएस करून नुकताच नोकरीला लागलेला. केमोने आजार आटोक्यात आला, पण तो परतू नये म्हणून दुसऱ्याच्या स्टेम सेल घालाव्या लागणार होत्या. रजिस्ट्रीत पूर्ण जुळणारा दाता मिळाला नाही. शेवटी त्याची ताई, म्हणजे आमच्या दोघांतली एक, अर्धी जुळली आणि तिच्याच पेशी दिल्या. सांगलीहून आई आल्या. सतराव्या दिवशी पांढऱ्या पेशी वाढू लागल्या, पंचविसाव्या दिवशी तो आमच्या घरी आला. (ट्रान्सप्लांटच्या दिवसाला "डे झिरो" म्हणतात आणि तिथून दिवस मोजतात. आम्हा प्रोग्रॅमर लोकांना शून्यापासून मोजणं लगेच पटलं.) आम्ही समजलो, जिंकलो.

एकतिसाव्या दिवशी त्याला लघवी करताना जळजळ सुरू झाली. त्याने कुणाला सांगितलं नाही. आईंना एवढंच कळलं की तो सारखा बाथरूमला जातोय. त्या म्हणाल्या, "उन्हाळी लागली असेल, धने-जिऱ्याचं पाणी दे." आपल्याकडे लघवीचा विषय घरात काढायचा नसतो, त्यातून आई आणि ताई समोर. पुढे दोन दिवस लघवी लाल होती तेही त्याने लपवलं. तेहतिसाव्या रात्री लघवी होईचना, ओटीपोट दगडासारखं कडक झालं, तेव्हा दाराआडून हाक आली, "दाजी, जरा इकडे या."

आम्ही घाबरून जवळच्या एका ईआरमध्ये नेलं. तिथल्या ड्यूटीवरच्या डॉक्टरांनी युरिन इन्फेक्शन म्हणून अँटिबायोटिक लिहून दिलं आणि घरी पाठवायची तयारी केली. आम्ही हट्ट धरला की ट्रान्सप्लांट टीमच्या ऑन-कॉल डॉक्टरांशी बोला. बोलणं झालं आणि चित्रच बदललं. मूत्राशयाचा स्कॅन केला तर आत आठशे मिली लघवी तुंबलेली, आणि रक्ताच्या गुठळ्यांनी बाहेर पडायची वाट बंद. पहाटे अँब्युलन्सने ट्रान्सप्लांट सेंटरला हलवलं. तिथल्या नर्सने पाहताक्षणी म्हटलं, "बीके." आम्हाला वाटलं कुणाच्या नावाची आद्याक्षरं असतील. आणि गंमत म्हणजे तसंच आहे.

१९७१ साली लंडनच्या सिल्व्हिया गार्डनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी "लॅन्सेट"मध्ये एका नव्या विषाणूची माहिती छापली. किडनी ट्रान्सप्लांट झालेल्या एका रुग्णाच्या लघवीत तो सापडला होता आणि त्याच्या नावाच्या आद्याक्षरांवरून विषाणूला बीके म्हणू लागले. त्याच अंकात अमेरिकेतल्या गटाने त्याच्या चुलतभावाची, जेसी व्हायरसची, माहिती दिली. तेही रुग्णाच्याच आद्याक्षरांवरून.

हा विषाणू अगदी चिमुकला आहे. त्याचा अख्खा डीएनए साधारण पाच हजार अक्षरांचा. एका अक्षराला दोन बिट धरले तर सगळा प्रोग्रॅम दीड केबीच्याही आत बसतो. आपली रिकामी ईमेल याहून मोठी असते! आणि तो आपल्यापैकी जवळजवळ सगळ्यांच्या अंगात आहे. लहानपणी कधीतरी शिरतो, फार तर थोडी सर्दी होते, आणि मग मूत्रपिंडात आणि मूत्रमार्गाच्या अस्तरात आयुष्यभर झोपून राहतो. प्रतिकारशक्ती ठीक असेपर्यंत तो आहे हे कळतही नाही.

हे कसं कळलं, त्यात एक पुणेरी धागा आहे. डॉ. कीर्ती शहा हे विषाणुतज्ज्ञ आधी पुण्याच्या व्हायरस रिसर्च सेंटरमध्ये काम करत. १९५२ साली सुरू झालेली ही संस्था म्हणजेच आजची नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ व्हायरॉलॉजी. तिथे त्यांनी शिमोग्याच्या जंगलातल्या क्यासनूर फॉरेस्ट डिसीजवर काम केलं. नंतर ते बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये गेले. १९७३ साली त्यांनी आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की मेरिलँडमधल्या बहुतेक रहिवाशांच्या रक्तात बीकेविरुद्धच्या अँटिबॉडी आहेत, म्हणजे हा दुर्मिळ पाहुणा नाही, घरचाच आहे. पुढे १९८६ साली हॉपकिन्सच्याच गटाने (पहिलं नाव रे आर्थर, शहा त्यात होतेच) बोन मॅरो ट्रान्सप्लांटच्या रुग्णांच्या लघव्या तपासून "न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन"मध्ये लिहिलं की ज्यांच्या लघवीत बीके सापडतो त्यांना सात दिवसांहून जास्त टिकणारा रक्तस्राव चौपट प्रमाणात होतो. तोवर सगळा दोष केमोला दिला जात असे.

तसा केमोचाही दोष असतो, आणि इथेच बहुतेक नातेवाइकांचा गोंधळ होतो. मूत्राशयातून रक्त येण्याचे मुख्य प्रकार दोन. वेगळे वेळी येतात, कारणंही वेगळी.

पहिला प्रकार लवकरचा. सायक्लोफॉस्फमाइड नावाचं औषध ट्रान्सप्लांटमध्ये फार वापरतात. यकृतात त्याची मोडतोड होताना अ‍ॅक्रोलीन नावाचा जळजळीत पदार्थ तयार होतो आणि तो लघवीतून बाहेर पडतो. मूत्राशयात तो जितका वेळ साठून राहील तितकं आतलं अस्तर सोलवटतं. म्हणून हे औषध देताना सलाइनवर सलाइन चढवतात, रात्री उठवून लघवीला पाठवतात आणि सोबत मेस्ना नावाचं औषध देतात, जे लघवीतच अ‍ॅक्रोलीनला पकडून निरुपद्रवी करतं. रात्री दोन-दोन तासांनी उठवणाऱ्या नर्सवर आमचा मेव्हणा वैतागला होता. तिचं बरोबर होतं.

दुसरा प्रकार उशिराचा, आपल्या बीकेचा. हा साधारण नव्या पेशी रुजण्याच्या सुमारास किंवा त्यानंतर, म्हणजे दोन-तीन आठवड्यांपासून पुढे काही महिन्यांपर्यंत येतो. बहुतेक वेळा रुग्ण तेव्हा घरी असतो, हीच अडचण. तो का येतो याचं सर्वमान्य स्पष्टीकरण असं: केमो किंवा रेडिएशनने अस्तर आधीच दुखावलेलं असतं. त्यात टी-सेल नावाचे पहारेकरी नसल्यामुळे झोपलेला बीके जागा होऊन बेसुमार वाढतो. मग दात्याच्या नव्या पेशी येतात, त्यांना हे विषाणूने भरलेलं अस्तर दिसतं, आणि त्या त्याच्यावर तुटून पडतात. म्हणजे प्रतिकारशक्ती परत येणं ही आनंदाची गोष्ट आणि रक्तस्रावाचं एक कारण, दोन्ही एकदम. ताईला हे ऐकून फार वाईट वाटलं होतं. "माझ्याच पेशी त्याला त्रास देताहेत का?" असं तिने विचारलं. डॉक्टर म्हणाले, त्याच पेशी हा विषाणू संपवणार आहेत, थोडं थांबा.

याच प्रकारात कधीकधी बीकेऐवजी अ‍ॅडिनोव्हायरस असतो. तो जास्त धोक्याचा, कारण मूत्राशयापुरता न थांबता यकृत-फुप्फुसांपर्यंत जाऊ शकतो. म्हणून लघवी आणि रक्त दोन्हींची पीसीआर तपासणी करतात. साध्या युरिन कल्चरमध्ये विषाणू दिसत नाही. कल्चर निगेटिव्ह आलं म्हणजे काही नाही, असं समजू नये.

आता पीसीआरच्या आकड्यांबद्दल. मेव्हण्याच्या पहिल्या रिपोर्टवर दर मिलीलिटरमागे अब्जाहून जास्त कॉपीज लिहिलेल्या होत्या. पेशंट पोर्टलवर रात्री अकरा वाजता तो आकडा पाहून आमची झोप उडाली. (रिपोर्ट पोर्टलवर आधी येतो आणि डॉक्टर सकाळी येतात, हा अमेरिकन वैद्यकातला एक नवा छळ आहे.) सकाळी नर्स प्रॅक्टिशनरने शांतपणे समजावलं. ट्रान्सप्लांट झालेल्या निम्म्याहून जास्त लोकांच्या लघवीत कधी ना कधी बीके सापडतो, आजारी मात्र त्यातले थोडेच पडतात. युरोपियन तज्ज्ञांच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत निदानासाठी तीन गोष्टी एकत्र लागतात: जळजळ, कळा यांसारखी लक्षणं, डोळ्यांना दिसणारं रक्त, आणि लघवीत दर मिलीलिटरमागे एक कोटीहून जास्त कॉपीज. शिवाय हे आकडे लॉग स्केलवर वाचायचे असतात. नऊवरून आठवर आलं म्हणजे नव्वद टक्के विषाणू गेला. ती म्हणाली, "आकडा नका बघू. गुठळ्या बघा."

गुठळ्यांवरूनच डॉक्टर पायऱ्या ठरवतात. रक्त फक्त मायक्रोस्कोपखाली दिसत असेल तर पहिली पायरी. डोळ्यांना लाल-गुलाबी दिसलं की दुसरी. गुठळ्या पडू लागल्या की तिसरी. गुठळ्यांनी वाट अडली आणि किडनीवर ताण आला की चौथी. आमचा मेव्हणा पहिल्या दिवशी दुसऱ्या पायरीवर होता. लाजेपायी दोन दिवस गेले आणि तो थेट चौथीवर गेला. लवकर सांगितलं असतं तर रक्त थांबलं असतं असं नाही. पण लघवी तुंबण्याआधीच पाणी, सलाइन, प्लेटलेट्स हे सगळं सुरू झालं असतं.

उपचारांबद्दल खरं सांगायचं तर बीकेवर एफडीएने मान्य केलेलं एकही औषध आजही नाही. जे करतात ते मुख्यतः अस्तर भरून येईपर्यंत आणि टी-सेल तयार होईपर्यंत रुग्णाला सांभाळणं. तीन नळ्यांचा कॅथेटर घालतात. एका वाटेने तीन-तीन लिटरच्या पिशव्यांतून सलाइन सतत आत सोडतात, दुसऱ्या वाटेने सगळं बाहेर पडतं, तिसरी वाट आतला फुगा फुगवायला. पाणी फिकट गुलाबी राहील इतका वेग ठेवायचा. बाहेर आलेल्यातून आत गेलेलं वजा केलं की खरी लघवी किती ते कळतं. नर्सच्या फळ्यावर ही वजाबाकी दर तासाला लिहिलेली असे आणि आम्ही, सवयीप्रमाणे, तपासत बसायचो. एकदा आकडा चुकला होता, तो आम्ही दाखवला. तेवढंच समाधान.

सोबत रक्त आणि प्लेटलेट्स द्याव्या लागतात, मूत्राशयाच्या कळांसाठी वेगळी औषधं. या कळा भयंकर असतात हो. अठ्ठावीस वर्षांचा मुलगा उशी दाताखाली धरून रडत होता. रक्त थांबलं नाही तर युरॉलॉजिस्ट दुर्बिणीने गुठळ्या काढतात. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं थोडी कमी करता येतात, पण मग दात्याच्या पेशी त्वचा, आतडी, यकृतावर हल्ला करण्याची भीती. डॉक्टर रोज या तारेवर चालत होते.

विषाणूविरुद्ध सिडोफोव्हिर नावाचं औषध काही वेळा वापरतात. १९९६ साली ते एड्सच्या रुग्णांच्या डोळ्यांतल्या दुसऱ्याच एका विषाणूसाठी मान्य झालं. बीकेला थोडंफार रोखतं, पण किडनीला जड. मेव्हण्याला कमी मात्रेत दोनदा दिलं, क्रिएटिनिन वाढलं, थांबवलं. दुसरा मार्ग म्हणजे निरोगी दात्यांच्या रक्तातून विषाणू ओळखणाऱ्या टी-सेल प्रयोगशाळेत वाढवून देणं. ह्यूस्टनच्या बेलर कॉलेज ऑफ मेडिसिनने यात मोठं काम केलं आणि २०१७ साली छापलेले त्यांचे सुरुवातीचे निकाल फार आशादायक होते. त्यातूनच पोसोल्यूसेल नावाची तयार पेशींची थेरपी आली. आम्ही हॉस्पिटलमध्ये असताना तिच्या मोठ्या चाचण्या चालू होत्या, पण आमच्या सेंटरवर नाही. तेव्हा आपलं नशीब फुटकं असं वाटलं. डिसेंबर २०२३ मध्ये कंपनीने तिन्ही चाचण्या बंद केल्या, कारण प्लासिबोपेक्षा फायदा सिद्ध होण्याची शक्यता दिसेना. काही सेंटर्सवर अशा पेशी अजून चाचण्यांमधून देतात, तेव्हा विचारायला हरकत नाही.

आता हे आपल्या लोकांना विशेष का सांगावं? मॅच व्हायला एचएलए नावाच्या खुणा जुळाव्या लागतात, निम्म्या आईकडून, निम्म्या वडिलांकडून. सख्खं भावंड पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक, अर्धं जुळण्याची चारात दोन. भावंड जुळलं नाही तर रजिस्ट्री. इथल्या एनएमडीपी या राष्ट्रीय रजिस्ट्रीच्या आकड्यांप्रमाणे गोऱ्या रुग्णाला पूर्ण जुळणारा दाता सापडण्याची शक्यता ७९ टक्के, आशियाई रुग्णाला ४७ टक्के. २००७ साली समीर भाटिया आणि विनय चक्रवर्ती या दोन तरुणांसाठी देशभर देवळांत, ऑफिसांत, मेळ्यांत गालाचे स्वॅब घेतले गेले. जुन्या मंडळींना ते आठवत असेल. अकरा आठवड्यांत चोवीस हजारांवर दक्षिण आशियाई नोंदले गेले. दोघांनाही दाते मिळाले, तरी २००८ साली दोघेही गेले.

दाता मिळाला नाही की अर्ध्या मॅचवर जावं लागतं. ते शक्य झालं तेही हॉपकिन्सच्याच एका युक्तीमुळे. पेशी दिल्यावर तिसऱ्या आणि चौथ्या दिवशी सायक्लोफॉस्फमाइडचा मोठा डोस देतात. दात्याच्या ज्या टी-सेल चिडून भराभर वाढत असतात त्या मरतात. स्टेम सेल वाचतात, कारण त्यांच्यात हे औषध निकामी करणारं एन्झाइम भरपूर असतं. युक्ती नामी आहे. मेव्हणा आज तिच्यामुळेच आहे. पण तेच औषध मूत्राशयालाही लागतं आणि टी-सेल परत यायलाही उशीर होतो, म्हणून अर्ध्या मॅचच्या रुग्णांत बीकेचा त्रास जास्त दिसतो. २०२३ च्या एका मोठ्या अमेरिकन चाचणीनंतर पूर्ण मॅच असलेल्यांनाही हीच पद्धत अधिकाधिक वापरली जाते. तेव्हा डिस्चार्जच्या वेळी, मॅच कुठलीही असो, "बीकेसाठी आम्ही काय बघायचं?" असं विचारून घ्या. आम्हाला कुणी आपणहून सांगितलं असेलही, पण त्या दिवशी चाळीस पानांची फाइल हातात होती.

घरी आल्यावर आम्ही काय केलं ते सांगतो. बाथरूममध्ये कमोडवर ठेवायचं मोजपात्र असतं, नर्स त्याला "हॅट" म्हणतात. प्रत्येक वेळी मापून एक्सेल शीटमध्ये वेळ, मिली, रंग आणि गुठळी आहे-नाही. मेव्हणा स्वतःच फोनवरून भरायचा, म्हणजे कुणाशी बोलायला नको आणि आम्हाला दिसतही राहायचं. लाजेचा प्रश्न असा सुटला. आई एकट्या असताना हॉस्पिटलला फोन करावा लागला तर इंग्रजीची अडचण. मोठ्या हॉस्पिटलांत फोनवर दुभाषा फुकट मिळतो, मागावा लागतो. मराठी लगेच मिळालं नाही तर हिंदी.

लाल रंग दिसला म्हणजे दरवेळी रक्तच असं नाही. जळजळीसाठी फेनाझोपायरिडीन देतात, त्याने लघवी गर्द केशरी होते. केमोतल्या डॉनोरुबिसिनने लालसर होते. आणि बिटाची कोशिंबीर. हसू नका, आम्ही एका रविवारी बिटामुळे ऑन-कॉल डॉक्टरांना उठवलंय.

धने-जिऱ्याच्या पाण्याबद्दल आईंशी थोडा वाद झाला. पहिले काही महिने न शिजवलेले मसाले बऱ्याच सेंटरवर मना असतात, त्यात बुरशीचे कण असू शकतात. गोखरूचा काढा, कुठलीही आयुर्वेदिक पुडी, ग्रेपफ्रूट, हे फार्मासिस्टला विचारल्याशिवाय नाही, टॅक्रोलिमससारख्या औषधाची रक्तातली पातळी बिघडू शकते. दुखतंय म्हणून आयबुप्रोफेनही आपल्या मनाने नाही, त्याने रक्तस्राव वाढतो आणि ताप झाकला जातो. घरातल्या लहान मुलांना लागण होईल का, ही आमची भीती निराधार होती. बहुतेकांना तो लहानपणीच भेटून गेलेला असतो. हात धुवा, एवढंच सांगितलं.

फ्रिजवर ट्रान्सप्लांट सेंटरचा चोवीस तासांचा नंबर लावला होता आणि खाली चार ओळी: गुठळी दिसली, चार-पाच तास लघवी नाही, ओटीपोट फुगलंय, ताप १००.४ च्या वर. यातलं काहीही झालं तर आधी तो नंबर, मग गाडीची किल्ली.

आणखी एक. भावासाठी फॅमिली लीव्ह मिळेल असं आम्ही गृहीत धरलं होतं. एफएमएलएच्या बारा आठवड्यांत नवरा-बायको, मुलं, आईवडील येतात, भावंडं सहसा नाहीत. काही राज्यांचे नियम वेगळे आहेत. सुट्ट्या आधी मोजा.

रक्त पूर्ण थांबायला साडेपाच आठवडे लागले. सिडोफोव्हिरने, सलाइनने की ताईच्या पेशींनी, कुणी सांगू शकत नाही. शीटमधली शेवटची गुलाबी नोंद एकाहत्तराव्या दिवसाची आहे. मेव्हणा आता पुन्हा नोकरीवर आहे, आणि त्याला विचारूनच हे सगळं लिहिलं. काकांनी त्या संध्याकाळी पार्किंग लॉटमधूनच सुनेच्या सेंटरला फोन लावला. तिला तिसऱ्या पायरीच्या आधीच दाखल करून घेतलं.

ती एक्सेल शीट कुणाला हवी असेल तर मंडळाच्या पुढच्या कार्यक्रमात आम्हाला गाठा. सहसा चहाच्या टेबलापाशीच असतो.